वर्धापन दिनांच्या जुन्या छायाचित्रांचा संग्रह कसा लावावा : वैद्यकीय महाविद्यालयांतील नवख्यांसाठी मार्गदर्शन

वैद्यकीय महाविद्यालयाचा रौप्यमहोत्सव किंवा सुवर्णमहोत्सव तोंडावर आला, की जुन्या समारंभांचे फोटो कुठे आहेत याची चौकशी सुरू होते. मग अधिष्ठात्यांच्या कार्यालयाच्या माळ्यावरून, ग्रंथालयातील बंद कपाटातून, एखाद्या विभागप्रमुखांच्या खणातून खोकी, अल्बम आणि पिवळी पडलेली पाकिटे निघतात, आणि ती सगळी अशा एका माणसाच्या टेबलावर येऊन पडतात, ज्याने हे काम पूर्वी कधीच केलेले नसते. हा माणूस बहुधा साहाय्यक ग्रंथपाल असतो, कधी कनिष्ठ लिपिक, तर कधी न विचारता स्मरणिका समितीत नाव घातला गेलेला पदव्युत्तर विद्यार्थी. हे लेखन त्याच्यासाठी आहे. नाशिकमधील एका महाविद्यालयाचा असा संग्रह मी काही वर्षे लावला. काम करता करता शिकलो, चुकाही केल्या, आणि त्यांतील सांगण्याजोग्या चुका पुढे ओघात येतील.

सुरुवातीलाच कामाचा क्रम ठरवून घ्यावा. स्कॅनर कोणता घ्यावा, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण सर्वांत आधी विचारतो. माझ्या मते तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. कोरड्या, थंड जागी ठेवलेला कृष्णधवल फोटो आणखी दहा वर्षे थांबू शकतो, परंतु त्या फोटोतील माणसे ओळखणारे निवृत्त प्राध्यापक तितकी वर्षे आपल्यासाठी उपलब्ध असतील असे धरून चालता येत नाही. समारंभाच्या फोटोतील व्यासपीठ, हार, समई आणि ओळीने मांडलेल्या खुर्च्या सगळीकडे सारख्याच असतात. नावे आणि तारीख हरवली, की एका महाविद्यालयाचा वर्धापन दिन दुसऱ्याच्या वर्धापन दिनापासून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून आधी वस्तू सुरक्षित करावी, लगोलग नावे व तारखा मिळवाव्यात, आणि त्यानंतर स्कॅनिंगकडे वळावे.

पेटी उघडण्याचा दिवस

पेटी उघडल्यावर फोटो वर्षवार लावण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्या क्रमाने फोटो ठेवलेले आहेत तो क्रम हाच पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. एका पाकिटात एकत्र असलेले चोवीस फोटो एकाच रिळातले असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्यांपैकी एकावर तारीख सापडली तर उरलेल्या तेवीसांची तारीख आपोआप लागते. पाकिटे मोडून फोटो मिसळले, की हा धागा कायमचा तुटतो. त्यामुळे प्रथम मोबाइलने पेटीचा, प्रत्येक थराचा आणि पाकिटावरील स्टुडिओच्या शिक्क्याचा फोटो काढावा, पेटीला क्रमांक द्यावा, तिच्यातील पाकिटांना उपक्रमांक द्यावा, आणि हे सर्व एका जाड वहीत नोंदवावे. संगणकावरील तक्ता नंतर करता येतो; पहिल्या दिवशी वहीच सोयीची पडते, कारण ती टेबलावर उघडी राहते आणि तिच्यात बाणही काढता येतात.

टेबल स्वच्छ पुसून कोरडे करावे, त्यावर पांढरा कागद अंथरावा, आणि चहा दुसऱ्या टेबलावर ठेवावा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे केले, तर कागदी फोटो कडांना धरून हाताळण्यास हरकत नाही. निगेटिव्ह आणि स्लाइड यांना मात्र नायट्राइलचे हातमोजे घालूनच हात लावावा, कारण बोटांचा तेलकट ठसा त्यावर उमटला तर तो पुढे स्कॅनमध्येही दिसतो. वैद्यकीय महाविद्यालयात हातमोज्यांची वाण नसते. फक्त ते बिनपावडरचे असावेत. रबर बँड, टाचण्या, यू-पिना असतील तर त्या सावकाश काढाव्यात. सेलोटेप लावलेला असेल तर तो ओढू नये, तसाच राहू द्यावा आणि वहीत तशी नोंद करावी.

फोटोच्या मागे बॉलपेनने काहीही लिहू नये. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहाने साठ-सत्तर फोटोंच्या मागे बॉलपेनने क्रमांक घातले. तिरप्या उजेडात धरल्यावर ते आकडे पुढच्या बाजूने, थेट पाहुण्यांच्या कपाळावर, उठलेले दिसत होते. शिवाय शाई ओली असतानाच फोटो एकावर एक ठेवल्यामुळे ती खालच्या फोटोंना लागली, ते वेगळेच. जुन्या कागदी फोटोवर मऊ, ४बी किंवा ६बी पेन्सिलीने, कडेच्या बाजूला, न दाबता लिहावे. १९७० च्या दशकापासून वापरात आलेल्या प्लॅस्टिकचा थर असलेल्या फोटो-कागदावर पेन्सिल नीट उमटत नाही, तेव्हा क्रमांक पाकिटावर घालावा, आणि तोही फोटो पाकिटात सरकवण्याआधी.

हाती आलेली वस्तू ओळखणे

मराठा विद्या प्रसारक (मविप्र) समाजाचे आडगाव येथील वैद्यकीय महाविद्यालय १९९० मध्ये सुरू झाले, गणेशवाडीतील आयुर्वेद महाविद्यालय त्याहून जुने, आणि दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळ येथे असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चे. म्हणजे नाशिकमध्ये या विषयावर काम करणाऱ्याच्या हाती येणारा मोठा साठा रंगीत फोटोंचा असणार, आणि रंगीत फोटो कृष्णधवलपेक्षा नाजूक असतो. कृष्णधवल फोटोतील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. ती खराब होऊ लागली तर काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर चकाकी येते, पण प्रतिमा बराच काळ टिकते. रंगीत फोटोतील प्रतिमा रंगद्रव्यांची असते, आणि ती द्रव्ये अंधारात बंद ठेवली तरी हळूहळू विरतात. तीन रंगांपैकी एक आधी उडाला, की उरलेल्यांची छटा वर येते, म्हणून जुन्या अल्बममधील पांढरे एप्रन गुलाबी किंवा पिवळट दिसतात. ही हानी उलटवता येत नाही, फक्त तिचा वेग कमी करता येतो. त्यामुळे स्कॅनिंगची वेळ येईल तेव्हा रंगीत फोटोंना अग्रक्रम द्यावा.

सर्वांत जास्त त्रास चिकट पानांच्या अल्बमचा होतो. पुठ्ठ्याच्या पानावर गोंदाच्या रेघा आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक अशी त्यांची रचना असते. त्या काळी ते फार रुबाबदार वाटत, आणि वर्धापन दिनाचा अल्बम मान्यवरांना भेट द्यायचा तर असाच घेतला जाई. कालांतराने गोंद पिवळा पडतो, प्लॅस्टिक फोटोच्या पृष्ठभागाला चिकटते, आणि फोटो नखाने उचलू गेले की कोपरा फाटतो. अशा वेळी आधी संपूर्ण पान जसेच्या तसे स्कॅन करावे किंवा वरून छायाचित्र घ्यावे, म्हणजे पुढे काही बिघडले तरी निदान तेवढे हाती राहते. त्यानंतर दात साफ करण्याचा, मेण नसलेला धागा फोटो आणि पान यांच्यामध्ये घालून करवतीसारखा सावकाश पुढेमागे फिरवावा. हा धागा मी शेजारच्या दंत महाविद्यालयातील एका मित्राकडून मागून आणला. तो कशासाठी हवा आहे, हे त्याला पटवून देण्यातच निम्मी दुपार गेली. धागा अडला तर जोर करू नये, तो फोटो पानावरच राहू द्यावा आणि कात्रीने पान फोटोभोवती कापून घ्यावे. काचेच्या चौकटीत दमटपणामुळे काचेला चिकटलेला फोटो तर मुळीच सोडवू नये. तो काचेसकट स्कॅन करावा.

निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या तर त्या फोटोंपेक्षाही मोलाच्या समजाव्यात, कारण मूळ प्रतिमा तीच असते, आणि स्टुडिओने निवडून छापलेल्या फोटोंपलीकडची दृश्येही तिच्यात सापडतात. पाकीट उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर त्या फिल्मचा ॲसिटेट आधार कुजू लागला आहे असे समजावे, ती पट्टी बाकीच्यांपासून ताबडतोब दूर ठेवावी आणि स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे घ्यावी.

तारीख शोधणे

हा भाग मला सर्वांत आवडतो, आणि त्यात घाईने फसगतही सर्वांत जास्त होते. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत छापलेली तारीख दिसली की अनेकांना काम संपले असे वाटते. ती तारीख कॅमेऱ्यात कोणीतरी हाताने भरलेली असते, बॅटरी बदलल्यावर ती मूळ स्थितीला जाते, आणि दिवस-महिन्याचा क्रमही कॅमेऱ्यागणिक वेगळा असतो. तिची नोंद जरूर घ्यावी, परंतु दुसरा पुरावा मिळेपर्यंत तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. सुरुवातीच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या फाइलींमधील तारखेलाही हेच लागू आहे.

व्यासपीठामागचा फलक हा पहिला साक्षीदार होय. १९९८ पूर्वी नाशिकची वैद्यकीय महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. त्यानंतर फलकावर आणि प्रमाणपत्रांवर आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे नाव आणि बोधचिन्ह दिसू लागते. बदलाच्या एक-दोन वर्षांत जुना फलक तसाच वापरला गेलेला असू शकतो, एवढी सवलत ठेवावी. फलकावर थर्माकोलची कापलेली अक्षरे आहेत, कापडावर रंगवलेली आहेत, की संगणकावर छापलेला फ्लेक्स आहे, यावरूनही दशकाचा अंदाज येतो, कारण फ्लेक्सचे फलक सर्रास दिसू लागले ते २००० नंतर. व्यासपीठावर कुलपती या नात्याने राज्यपाल उपस्थित असतील तर काम सोपे होते : डॉ. पी. सी. अलेक्झांडर १९९३ ते २००२ या काळात राज्यपाल होते, एस. एम. कृष्णा २००४ ते २००८, आणि के. शंकरनारायणन २०१० ते २०१४. आवारात उभ्या असलेल्या गाडीचा क्रमांक एमएच १५ ने सुरू होत असेल, तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. वर्धापन दिनाच्या पाकिटात कुंभमेळ्यातील वैद्यकीय पथकाचे किंवा तपोवनातील शिबिराचे फोटो मिसळलेले निघाले, तर १९९१, २००३ आणि २०१५ ही वर्षे समोर ठेवून पाहावे.

वर्धापन दिनाच्या गणितात एक हमखास चूक होते. १९९० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा पंचविसावा वर्धापन दिन २०१५ मध्ये येतो, परंतु रौप्यमहोत्सवी वर्षाचे उद्घाटन बहुधा त्याच्या आदल्या वर्षी झालेले असते आणि सांगता समारंभ त्यानंतर कधीतरी, पाहुण्यांच्या सोयीने. म्हणजे ‘रौप्यमहोत्सव’ एवढेच लिहिलेला फोटो दोन किंवा तीन वेगळ्या वर्षांतला असू शकतो. साठ वर्षांचा तो हीरक महोत्सव आणि पंचाहत्तर वर्षांचा अमृतमहोत्सव, हेही नवख्या माणसाने पक्के करून ठेवावे, कारण जुन्या पाकिटांवर ही नावे सैलपणे लिहिलेली सापडतात. स्थापनेचा दिवस कोणता धरला जातो, हा आणखी एक घोळ असतो : काही ठिकाणी मंजुरीचा आदेश निघाला तो दिवस, काही ठिकाणी पहिली तुकडी दाखल झाली तो, आणि कधी संस्थापकांची जयंती. या बाबतीत जुन्या निमंत्रणपत्रिका, वार्षिक अहवाल, स्नेहसंमेलनाच्या अंकातील वृत्तान्त आणि जमाखर्चाच्या फाइलीतील मंडपवाल्याची पावती यांचा जितका उपयोग होतो, तितका कोणाच्या आठवणीचा होत नाही. मंडपवाल्याच्या पावतीवर तारीख असते, आणि हिशेबाच्या कामी लागणार असल्यामुळे ती कोणीतरी जपूनही ठेवलेली असते. स्थानिक वृत्तपत्रांतील बातमीही शोधावी. ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’ यांनी शहरातील अशा समारंभांच्या बातम्या वर्षानुवर्षे छापल्या आहेत, आणि जुने अंक पाहण्यासाठी १८४० पासूनची परंपरा असलेल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करण्यापासून आरंभ करता येईल.

नावे मिळवणे

नावे विचारायला जाताना मूळ फोटो कधीही बरोबर नेऊ नये. मोबाइलने फोटोचा सरळ, स्वच्छ फोटो घ्यावा, तो ए-४ आकारात छापावा, त्यावर पातळ ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढावी आणि तिच्यात आकडा घालावा. खाली आकड्यांपुढे जागा सोडावी. ‘डावीकडून तिसरे’ अशा वर्णनाने पहिल्या रांगेपुरते भागते. मागच्या रांगेत कोणी अर्धे झाकलेले असले, की तिसरा कोण आणि चौथा कोण याचा वाद सुरू होतो. प्रत्येक नावाबरोबर ते कोणी सांगितले, कोणत्या तारखेला सांगितले, आणि खात्रीने सांगितले की अंदाजाने, हे तीन रकाने भरावेत. शक्य असेल तेथे दोन माणसांना वेगवेगळे विचारावे. एकत्र बसवले तर वयाने किंवा हुद्द्याने ज्येष्ठ असलेली व्यक्ती जे नाव घेईल त्यालाच बाकीचे मान डोलावतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

याचे एक उदाहरण सांगतो. बक्षीस समारंभाच्या एका फोटोतील पाहुणे कोण, यावर एका स्नेहमेळाव्यात सहा डॉक्टरांचे एकमत झाले, आणि मी ते नाव पक्क्या शाईने लिहूनही टाकले. काही महिन्यांनी शरीररचनाशास्त्र विभागातील निवृत्त परिचर भेटायला आले. त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलेही नाही, मागची खिडकी पाहून ते म्हणाले, “हे जुन्या इमारतीतलं आवार आहे, साहेब. ते पाहुणे आले तेव्हा आपण नव्या सभागृहात होतो. मीच खुर्च्या लावल्या होत्या.” जुन्या फाइलीतील निमंत्रणपत्रिका काढून पाहिली, तर त्यांचेच खरे निघाले. तेव्हापासून मी यादीत प्राध्यापकांच्या बरोबरीने परिचर, प्रयोगशाळा सहायक, वसतिगृहाचे रखवालदार, वॉर्डातील मामा, मावशी आणि सिस्टर यांची नावे घालतो, आणि पुष्कळदा त्यांच्याकडेच आधी जातो. फोटोत ट्रे धरून उभी असलेली किंवा पडद्याच्या कडेला अर्धी दिसणारी ही माणसे बहुतेक ओळींत ‘इतर कर्मचारी’ म्हणून उरकलेली असतात. त्यांचीही पूर्ण नावे लिहावीत.

स्त्रियांच्या नावांबाबत विशेष काळजी घ्यावी लागते. विद्यार्थिनी असताना माहेरचे नाव, अध्यापिका झाल्यावर सासरचे, आणि पुढे व्यवसायात कधी दोन्ही जोडून, अशी एकाच व्यक्तीची तीन नावे तीन समारंभांच्या फोटोंत मिळतात, आणि नोंदी करणारा माणूस त्या तीन वेगळ्या डॉक्टर समजून चालतो. प्रत्येक व्यक्तीसाठी एक मुख्य नोंद करावी, तिच्याखाली सगळी नावे लिहावीत, आणि फोटोच्या ओळीत त्या काळी प्रचलित असलेले नाव वापरावे. ‘जोशी सर’ हे नाव नव्हे. कोणते जोशी, कोणत्या विभागाचे, कोणत्या वर्षांत, हे विचारल्याशिवाय वही मिटू नये. तुकडीचे वर्षही असेच फसवे असते. ‘ब्याण्णवची बॅच’ म्हणजे प्रवेशाचे वर्ष. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि इंटर्नशिपचे एक वर्ष धरले, तर ती तुकडी बाहेर पडते अठ्ठ्याण्णवच्या सुमारास. नोंदीत ‘प्रवेश १९९२’ असे स्पष्ट लिहावे.

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटाचा उपयोग होतो, पण तो संयमाने करावा. दिवसाला एकच फोटो टाकावा, त्यावर आकडे घातलेले असावेत, आणि आलेली उत्तरे त्याच रात्री वहीत उतरवून घ्यावीत. दुसऱ्या दिवशी ती सुप्रभातच्या संदेशांखाली गाडली जातात. गटातून कोणी जुना फोटो पाठवला तर तो संग्रहासाठी तसाच घेऊ नये, कारण अशा पाठवणीत फोटोचा आकार घटतो आणि फाइलीतील तारीख पुसली जाते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने मागवावी, आणि कागदी फोटो असेल तर तो आणून, स्कॅन करून, पावतीसह परत करावा.

स्कॅनिंग

इथपर्यंतचे काम झाले असेल, तर स्कॅनिंग सरळ आहे. सपाट काचेचा साधा स्कॅनर पुरतो. कागद ओढून घेणारा स्कॅनर फोटोंसाठी वापरू नये. नेहमीच्या चार बाय सहा इंची फोटोसाठी ६०० पीपीआय (दर इंचाला इतके बिंदू) ठेवावे, म्हणजे २४०० बाय ३६०० बिंदूंची प्रतिमा मिळते, आणि ती टिफ या, प्रतिमेतील तपशील न गाळणाऱ्या फाइल-स्वरूपात साधारण २६ एमबी जागा घेते. त्याहून लहान फोटोंसाठी हा आकडा वाढवावा, आणि पस्तीस मिलिमीटरच्या निगेटिव्हसाठी ३००० च्या आसपास ठेवावा. स्कॅनरच्या प्रणालीतील आपोआप रंग सुधारणे, ओरखडे घालवणे, धार वाढवणे हे सर्व पर्याय बंद ठेवावेत. उडालेला रंग दुरुस्त करायचा असेल तर तो प्रतीवर करावा. मूळ टिफला कोणीही हात लावू नये. फोटोच्या मागे शिक्का किंवा मजकूर असेल तर मागची बाजूही स्कॅन करावी. ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो, आणि पुढे नेमका तोच शिक्का हवा असतो.

फाइलीचे नाव वर्णनात्मक ठेवू नये. ‘मुख्य पाहुणे नवीन अंतिम २’ अशा नावांच्या फाइलींनी किती संगणक भरले आहेत, हे प्रत्येक कार्यालयाला ठाऊक आहे. पेटी, पाकीट आणि फोटो यांचे वहीतील क्रमांक जोडून ०३-११-००७ असे नाव द्यावे, आणि बाकी सर्व माहिती तक्त्यात ठेवावी. तारीख बदलली, नाव दुरुस्त झाले, तरी फाइलीचे नाव तेच राहते. प्रती तीन कराव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर असावी. सीडी आणि डीव्हीडी यांवर भिस्त ठेवू नये.

नाशिकच्या हवेत साठवण

मे महिन्यात चाळिशीला टेकणारे तापमान, जून ते सप्टेंबर भिंतींना पाझर, आणि डिसेंबरात एक आकडी थंडी, अशा शहरात स्लॅबखालचा माळा ही फोटोंसाठी सर्वांत वाईट जागा होय. फोटोंना २० अंशांच्या आसपासचे तापमान आणि ३० ते ५० टक्के आर्द्रता मानवते. वातानुकूलित खोली चोवीस तास चालू ठेवणे शक्य नसेल, तर इमारतीच्या मधल्या मजल्यावरील, बाहेरची भिंत नसलेली, वरच्या मजल्यावर स्वच्छतागृह नसलेली खोली निवडावी. फक्त दिवसा चालणारा एसी तापमानाचे हेलकावे वाढवतो, त्यापेक्षा तो नसलेला बरा. लोखंडी कपाट जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून थोडे सुटे ठेवावे. पाकिटे आम्लमुक्त कागदाची किंवा पॉलिएस्टरची घ्यावीत. ज्या प्लॅस्टिकला नवेपणी उग्र वास येतो ते पीव्हीसी असते, ते घेऊ नये. डांबरगोळ्या टाकू नयेत. कसर आणि वाळवी यांच्यावर खरा इलाज म्हणजे कोरडेपणा आणि महिन्यातून एकदा कपाट उघडून पाहणे. पावसाळ्यात डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. निळे दाणे गुलाबी झाले, की प्रयोगशाळेतील ओव्हनमध्ये १२० अंशांना तापवून ते पुन्हा वापरता येतात. एवढी सोय इतर संस्थांना नसते.

पुराचाही विचार करून ठेवावा. गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागले, की नाशिककर पुराचे मोजमाप सुरू करतात. २००८ आणि २०१६ च्या पुरांत नदीकाठच्या दुकानांतून, घरांतून काय काय भिजले, ते अनेकांनी पाहिले आहे. महाविद्यालयाच्या इमारतीत मात्र गोदावरीपेक्षा गच्चीवरची तुंबलेली पन्हळ अधिक वेळा घात करते. फोटो भिजले तर त्यांचा गठ्ठा तसाच वाळू देऊ नये, कारण जिलेटिनचा थर फुगतो आणि वाळताना फोटो एकमेकांना कायमचे चिकटतात. ते थंड, स्वच्छ पाण्यात हलक्या हाताने सुटे करावेत आणि प्रतिमा वर ठेवून शोषक कागदावर सावलीत पसरावेत. उन्हात नाही, इस्त्रीने तर नाहीच. संख्या जास्त असेल आणि दोन दिवसांत हातावेगळे होण्यासारखे नसेल, तर मधे बटर पेपर घालून ते फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि थोडे थोडे बाहेर काढावेत. ओल्या प्रतिमेला बोट लावू नये. ती बोटाबरोबर निघून येते.

हक्क आणि रुग्णांची अब्रू

फोटो आपल्या कपाटात आहे म्हणून तो छापण्याचा हक्कही आपला, असे नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता तो काढणारा असतो. मात्र महाविद्यालयाने मोबदला देऊन स्टुडिओकडून फोटो काढून घेतले असतील, तर वेगळा करार नसल्यास हक्काचा पहिला मालक महाविद्यालय ठरते. २०१२ च्या दुरुस्तीआधी फोटोवरील हा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे चालत असे; त्या दुरुस्तीनंतर तो कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो. म्हणून स्टुडिओची बिले जपून ठेवावीत, आणि कोणा माजी विद्यार्थ्याने स्वतः काढलेला फोटो दिला तर त्याची दोन ओळींची लेखी परवानगी घ्यावी. हक्क कोणाचाही असो, छायाचित्रकाराचे नाव मात्र छापावे.

कायद्याहून मोठी जबाबदारी रुग्णांची आहे. वर्धापन दिनानिमित्त भरवलेली रोगनिदान शिबिरे, वॉर्डातील फळवाटप, नव्या शस्त्रक्रियागृहाचे उद्घाटन, या सगळ्या फोटोंत पाहुण्यांच्या मागे खाटेवर कोणीतरी असते, आणि त्या माणसाला कोणी काही विचारलेले नसते. ज्यात रुग्णाचा चेहरा किंवा खाटेवरील नोंदीचा कागद वाचता येतो, असे फोटो संग्रहात ठेवावेत, पण प्रदर्शनात किंवा स्मरणिकेत देऊ नयेत. डिसेक्शन हॉलमधील हसऱ्या विद्यार्थ्यांचे गटफोटोही याच कप्प्यात जावेत. टेबलावरचा देह कोणाच्या तरी घरच्यांनी दान म्हणून दिलेला असतो. यावर समितीत कुरकुर होते, “आमच्या बॅचचा तोच एक फोटो आहे” असे सांगितले जाते, तरी येथे ढिलाई करू नये.

प्रदर्शनाचा दिवस

प्रदर्शनात मूळ फोटो लावू नयेत. प्रती छापाव्यात, प्रत्येकीखाली तारीख, प्रसंग, नावे आणि संग्रहातील क्रमांक लिहावा, आणि जेथे तारीख अंदाजाने लावली आहे तेथे ‘अंदाजे’ हा शब्द निःसंकोच छापावा. नीट ओळख पटलेल्या फोटोंपुढे लोक क्षणभर थांबतात आणि पुढे सरकतात. ओळख न पटलेल्यांपुढे गर्दी होते. म्हणून ते फोटो शेवटच्या भिंतीवर, भोजनाच्या मंडपाकडे जाणाऱ्या वाटेवर लावावेत, प्रत्येकाखाली डोक्यांवर आकडे घातलेला एक कागद चिकटवावा, आणि दोऱ्याने बांधलेली पेन्सिल लोंबती ठेवावी. जवळ एक विद्यार्थी उभा करावा, जो नाव सांगणाऱ्याचे नाव आणि फोन क्रमांकही लिहून घेईल. समारंभ संपल्यावर मंडपवाल्याची माणसे कागद-पताका एकत्र गोळा करून नेतात, तेव्हा त्यांच्या आधी, त्याच संध्याकाळी, ते कागद आपण स्वतः काढून घ्यावेत.